घाटाचा चुना, समुद्राचे मीठ

काशीत दशाश्वमेधाहून दक्षिणेकडे, केदारघाटाच्या रोखाने पायऱ्यापायऱ्यांनी चालत निघाले म्हणजे अहिल्याबाईंचा घाट, दरभंग्याचा वाडा, राणामहाल, चौसष्टी, पांडेघाट असे एकामागून एक घाट मागे पडतात, आणि नारदघाटाच्या थोडे अलीकडे राजाघाट लागतो. नावाड्यास विचारले तर तो राजाघाट एवढेच नाव सांगेल. जुन्या वर्णनांत आणि जुन्या काशीकर मराठी मंडळींच्या तोंडी मात्र त्याचे नाव अमृतराव घाट असे आहे. हे ‘राजा’ म्हणजे श्रीमंत अमृतराव पेशवे. त्यांना राज्य असे कधी लाभलेच नाही. परंतु काशीच्या लोकांनी त्यांच्या घाटाला ती पदवी देऊन टाकली.

मराठ्यांच्या इतिहासात अमृतरावांच्या वाट्याला फार तर अर्धे पान येते. ते रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. दत्तक घेतल्यानंतर काही वर्षांनी, १७७५ साली, रघुनाथरावांना औरस पुत्र झाला. तोच दुसरा बाजीराव. वयाने वडील, कारभारात अधिक जाणते, आणि तरीही हक्काने मागे, अशी त्यांची आयुष्यभर कुचंबणा झाली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी शिंदे व बाजीराव यांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव वसईकडे पळाला, आणि पुण्याचा कारभार अमृतरावांकडे आला. त्यांचा मुलगा विनायकराव याला पेशवाईच्या गादीवर बसवावे असा बेत ठरला. पण ३१ डिसेंबरला बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला, आणि पुढच्या एप्रिलात आर्थर वेलस्ली पुण्यात दाखल झाला. ऑगस्ट १८०३ मध्ये अमृतरावांनी इंग्रजांशी करार केला. सालीना सात लक्ष रुपयांची नेमणूक घेऊन राजकारणातून निवृत्त व्हावयाचे, असा त्याचा मथितार्थ. बुंदेलखंडात चित्रकूटाजवळ करवी येथे त्यांचे ठाणे झाले, आणि काशी ही त्यांची दुसरी वस्ती.

ह्या सात लाखांचा मोठा भाग दानधर्मात आणि दगडात गेला. राजाघाटाच्या पायऱ्या, वरचे बांधकाम आणि देवालये ही त्यांची. देवालयांना अमृतेश्वर, विनायकेश्वर अशी नावे दिली. एक स्वतःचे, दुसरे मुलाचे. पंचगंगेच्या अलीकडील गणेशघाटाचे कामही १८०७ च्या सुमारास त्यांनीच करविले असे सांगतात. बिशप हेबर १८२४ च्या सप्टेंबरात काशीत आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात अमृतरावांच्या दानशीलतेचा उल्लेख आला आहे, आणि त्याच दिवसांत त्यांचा येथे अंत झाला. गादी मिळाली नाही, तेव्हा माणसाने पायऱ्या बांधल्या. ह्यात कोणाला पराभव दिसेल. मला त्यात एक प्रकारचा शहाणपणा दिसतो, कारण ज्या गादीसाठी एवढा खटाटोप झाला ती १८१८ साली बुडाली, आणि पायऱ्यांवर आज सकाळीही लोक स्नान करीत होते.

योगायोग असा, की त्याच १८२४ साली इंग्लंडात लीड्स गावच्या जोसेफ अॅस्पडिन नावाच्या एका गवंड्याने ‘पोर्टलंड सिमेंट’ ह्या नावाने एका पदार्थाचे पेटंट घेतले. त्या सिमेंटाची आणि अमृतरावांच्या घाटाची गाठ पडावयास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. ती गाठ कशी पडली आणि तिच्यातून काय होत आहे, हाच ह्या लेखाचा विषय आहे.

प्रथम घाट कशाचा आहे ते पाहिले पाहिजे. काशीच्या घाटांचा दगड चुनारचा. गंगेच्या वरच्या अंगाला, मिर्झापूर जिल्ह्यातील चुनारच्या टेकड्यांतून निघणारा हा पिवळसर, क्वचित लालसर वालुकाश्म. अशोकाचे स्तंभ ह्याच दगडाचे; सारनाथचा चार सिंहांचा शिरोभाग ज्याने पाहिला असेल त्याला ह्या दगडावर काय झिलई चढू शकते ते सांगावे लागत नाही. खाण प्रवाहाच्या वर, आणि शहर खाली. तेव्हा दगड नावेत घातला की नदीच तो आणून पोचवी. दगडाला दगड जोडणारा चुना मात्र घरचाच. गंगेच्या मैदानातील गाळात जागोजाग कंकराचे खडे सापडतात, आणि काशी शहर ज्या उंच काठावर वसले आहे तो काठच कंकरमिश्रित मातीचा आहे. म्हणून तर एवढ्या मोठ्या नदीने आपला प्रवाह बदलला नाही आणि शहर जागेवर राहिले. कंकर हा शुद्ध चुनखडक नव्हे, त्यात चिकणमाती मिसळलेली असते. भट्टीत भाजल्यावर तिचा असा गुण येतो, की त्या चुन्याचा सांधा पाण्याखालीही धरतो. इंग्लंडात जॉन स्मीटनने १७५६ नंतर एडिस्टनच्या खडकावर दीपगृह बांधताना शोध घेतला, तो ह्याच गुणाचा: मातीचा अंश असलेला चुना पाण्यात घट्ट होतो. आमच्याकडील गवंड्यांनी त्याचा शोधनिबंध लिहिला नाही. ते कंकर भाजत, तो विरवीत, त्यात भाजक्या विटांची पूड म्हणजे सुरखी घालीत, घाण्यात बैल जुंपून तो दळीत, आणि कामाला लावीत. त्यात गूळ, बेलफळाचा चीक, उडदाचे पाणी इत्यादी काय काय पडे ह्याविषयी जितके गवंडी तितकी मते.

एवढे करून बांधलेल्या घाटाचा शत्रू कोण? पाहणाऱ्याला वाटते, पूर. काशीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली आहे. १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरांपर्यंत चढले होते. उन्हाळ्यातील पातळी आणि पुराची पातळी ह्यांत दहा मीटरांहून अधिक अंतर पडते, म्हणजे तीन मजली घर बुडावे इतके. बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट आपल्याच भाराने खचला, त्याचे पुढे नव्याने काम करावे लागले. आणि त्याच्या पायथ्याशी कलता उभा असलेला रत्नेश्वर प्रवाशांना अजून तेवढ्यासाठीच दाखवितात. तथापि पूर आणि खचणे हे उघड शत्रू झाले. मधल्या दिवसांत, कोणी पाहत नसता, जो दगडाला आतून खातो त्याचे नाव मीठ.

काशीला समुद्र नाही, मग मीठ कोठून आले, असे कोणी विचारील. उत्तर भारताच्या मातीत ते मुळातच आहे. ह्या प्रदेशातील ऊसर जमिनींवर उन्हाळ्यात जो पांढरा थर फुटतो त्याला ‘रेह’ म्हणतात. त्यातून जेथे हजारो वर्षे माणसे, गुरे, मोऱ्या आणि चुली एकाच जागी नांदल्या, तेथल्या जमिनीत नाना प्रकारचे क्षार मुरलेले असतात. पावसाने व पुराने भिंत ओली होते, क्षार पाण्यात विरघळून भिंतीत चढतात, आणि पाणी उडून गेले की मागे उरतात. मराठीत आपण ‘भिंतीला लोणा लागला’ म्हणतो. इकडे ‘नोना लग गया’ म्हणतात. दोन्ही शब्द लवणाचेच वंशज. हा नोना खरवडून, पाण्यात भिजवून, तो उकळून शोरा काढणे हा बिहार व पूर्व उत्तर प्रदेशातील नोनिया जातीचा पिढीजात धंदा होता. पाटण्याहून कंपनीची जहाजे तो भरभरून युरोपात नेत, आणि तेथे त्याची बंदुकीची दारू होई. भिंतींना खाणारे मीठ गोळा करून त्यानेच दुसऱ्यांच्या भिंती पाडण्याची ही युक्ती मनुष्यजातीला शोभणारीच आहे.

लोण्याची ओळख जगाला फार जुनी आहे. हिरोडोटसने इजिप्तच्या वर्णनात, जमिनीतून मीठ वर येऊन पिरॅमिडांनाही उपद्रव करते, अशी नोंद करून ठेवली आहे. तो हे लिहितो इ. स. पूर्व पाचव्या शतकात. मीठ दगडाला खाते म्हणजे नक्की काय करते, हे समजावयास मात्र फार काळ लागला. गोष्ट सोपी आहे. समईच्या वातीत तेल चढावे तसे पाणी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांतून चढते. ते पृष्ठभागावर येऊन सुकले तर मीठही पृष्ठभागावर उमटते. पांढरी बुरशी दिसते, केरसुणीने झाडली की गेली. पण पाणी पृष्ठभागाच्या आत सुकले तर मिठाचे स्फटिक छिद्रातच वाढू लागतात, आणि वाढणाऱ्या स्फटिकाचा दाब इतका असतो की दगडाचा पापुद्रा सुटून येतो. दर पावसाळ्यात मीठ पुन्हा विरघळते, दर उन्हाळ्यात पुन्हा गोठते. एक फेरा झाला की एक पापुद्रा. म्हणजे प्रश्न दगड किती कठीण आहे हा नाहीच. पाणी बाहेर कोणत्या वाटेने पडते आणि कोठे सुकते, हा आहे.

चुन्याचा सांधा येथे उपयोगी पडतो. तो दगडाहून मऊ आणि अधिक सच्छिद्र. भिंतीतले पाणी त्याच वाटेने बाहेर पडते, मीठ त्याच्यात साठते, आणि कालांतराने सांधा भुसभुशीत होऊन झडतो. मग गवंड्याने यावे, सांधा उकरावा, नव्या चुन्याने दर्जा भराव्या. दगड तसाच राहतो. जुन्या बांधकामातील चुना झडलेला पाहून आपण ‘बांधकाम कच्चे’ म्हणतो. वस्तुतः तो सांधा दगडाच्या वतीने झिजत असतो.

अमृतराव ज्या घराण्यात दत्तक गेले त्या भट घराण्याचे मूळ गाव श्रीवर्धन, अगदी समुद्राच्या काठी. तेथे मीठ जमिनीतून चढत नाही, ते वाऱ्यावर बसून येते आणि भरतीच्या लाटेबरोबर रोज दोनदा तटावर आपटते. काशीच्या पायऱ्यांवर मराठ्यांना जे मीठ भेटले त्याच्या किती तरी पट उग्र मीठ कोकणच्या माणसाने आधी पाहिले होते. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार करताना काशीहून एकदा तिकडे जाऊन यावे लागते.

श्रीवर्धनच्या उत्तरेस मुरूडसमोर समुद्रात दोन किल्ले आहेत. एक सिद्दीचा जंजिरा, आणि दुसरा त्याला शह म्हणून शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. हे काम चालू असता रसद वेळेवर पोचविण्यात कुचराई झाली, तेव्हा प्रभावळीच्या सुभेदारास आणि कारकुनांस महाराजांनी १६७५ साली एक खरमरीत पत्र पाठविले. ते प्रसिद्ध आहे. आम्हा कारकुनांच्या जातीला इतक्या थोर पुरुषाकडून इतकी झणझणीत कानउघाडणी क्वचितच लाभली असेल. असो. पद्मदुर्गाच्या तटाजवळ गेल्यावर जे दिसते ते मात्र कोणत्याही पत्राहून बोलके आहे. तटाचे काळे दगड साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या माऱ्याने झिजले आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे पोखरले आहेत, कित्येक ठिकाणी बोट बोट आत गेले आहेत. आणि त्यांच्या मधला चुना होता तेथेच, तेवढाच, चौकटीसारखा पुढे उभा आहे. सह्याद्रीचा काळा कातळ हरला आणि शिंपल्याहून थोडा कठीण असा चुना टिकला.

येथे वाचक मला अडवील, आणि अडवावेच. आताच मी म्हणालो की चुना झिजतो म्हणून दगड टिकतो. पद्मदुर्गावर तर उलटे झाले! खरे आहे. दगड वेगळा, मीठ येण्याची वाट वेगळी, तेव्हा झिजण्याची पाळी कोणावर येईल तेही वेगळे. परंतु दोन्ही ठिकाणी चुन्याचे वर्तन एकच आहे: त्याने पाण्याला आणि मिठाला आत कोंडून धरले नाही. आले तसे जाऊ दिले. कातळाने ते आपल्या छिद्रांत धरले, आणि कातळ फुटला.

अलिबागच्या कुलाब्याला तर त्याही पुढची युक्ती केलेली आहे. १६८० साली सुरू झालेल्या ह्या किल्ल्याच्या तटात प्रचंड चिरे नुसते एकमेकांवर रचले आहेत. मध्ये चुनाच नाही. लाट येते, फटींतून आत शिरते, तिचा जोर विखुरतो, आणि पाणी परत जाते. मालवणच्या सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. तेथे पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतल्याची परंपरा सांगतात, आणि महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा म्हणून जो दाखवितात तोही दगडात नसून चुन्यात आहे, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. तीन किल्ले, तीन रीती. ह्या लोकांजवळ ठरीव मसाला नव्हता. जागा पाहून बांधण्याची सवय होती.

ह्याच किनाऱ्यावर विसाव्या शतकात आपण काँक्रीट आणले. काँक्रीट म्हणजे काही पाप नव्हे, आणि जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. समुद्रात मिसळणाऱ्या खाडीवर शंभर मीटरचा गाळा टाकणे चुन्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण काँक्रीटच्या पोटात लोखंड असते, आणि सगळी गोष्ट तेथे बदलते. रोमन लोकही काँक्रीट करीत. नेपल्सच्या आखातावरील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून समुद्रात धक्के कसे बांधावे हे व्हिट्रूव्हियसने लिहून ठेवले आहे. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर हेरोद राजाने बांधलेल्या सिझेरिया बंदराचे त्या मसाल्याचे अवशेष दोन हजार वर्षे समुद्रात आहेत. अलीकडे शास्त्रज्ञांना असे आढळून आले, की खारे पाणी त्या काँक्रीटात झिरपून आत नवे स्फटिक तयार होतात आणि ते अधिकच घट्ट होते. परंतु त्या काँक्रीटात सळई नव्हती.

ताज्या काँक्रीटचा गुणधर्म तीव्र अल्कधर्मी असतो, आणि त्या वातावरणात लोखंडावर एक अत्यंत पातळ संरक्षक पटल धरते. जोवर ते आहे तोवर सळई गंजत नाही. समुद्राच्या मिठातील क्लोराइड छिद्राछिद्रांतून, वर्षाला काही मिलिमीटर अशा गतीने, आत येते. सळईपाशी पोचले की ते पटल फोडते. गंज हा मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. ती मिळत नाही, म्हणून काँक्रीटला आतून तडा जातो, तड्यातून आणखी मीठ येते, आणि पुढे सगळे वेगाने घडते. मुंबईच्या चाळी-इमारतींत खाडीची रेती न धुता वापरली गेली, तेथे तर मिठाला बाहेरून यावयाचेही कष्ट पडले नाहीत. ते पायाभरणीपासूनच घरात होते.

पणजीच्या मांडवीवरचा पूल १९७० च्या सुमारास झाला. गोवा मुक्त होऊन दहा वर्षे व्हावयाची होती. त्या पुलाचे तेव्हा केवढे अप्रूप! त्याच्या काँक्रीटमध्ये पोलादी तारा ताणून बसविल्या होत्या, आणि पुलाची सारी ताकद त्या तारांच्या ताणात होती. जाड सळई गंजली तर निदान तडा जाऊन इशारा मिळतो. नळीत बसविलेली, सतत ताणलेली बारीक तार गंजते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला. वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षे. तारांचा गंज हे कारण पुढे आले. नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंत गोवेकरांना पुन्हा फेरीबोटीत बसावे लागले. जुवारीवरचा १९८३ चा पूल आणि ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा १९७३ चा पूल, दोघांनाही हीच व्याधी जडली; जड वाहनांना मनाई, डागडुजी, आणि अखेर शेजारी नवा पूल, असाच दोघांचा इतिहास आहे. वाशीला दुसरा पूल १९९७ मध्ये आला, जुवारीचा नवा पूल २०२२ च्या अखेरीस खुला झाला.

ह्यातून अभियंते शिकले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरांचा सागरी पूल शंभर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून बांधला आहे. सळईवरचे आवरण जाड ठेवणे, पाणी कमी घालणे, आणि सिमेंटात पोलादाच्या भट्टीची मळी किंवा औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळणे, ही आता समुद्रकाठच्या बांधकामाची रीत झाली आहे. ती राख किंवा मळी सिमेंटातील मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रे बुजविते. भाजक्या विटांची सुरखी चुन्यात घालणारा काशीचा गवंडी दुसरे काय करीत होता? रासायनिक क्रिया तीच आहे.

समुद्रावरचे लोक लोखंड आणि मीठ ह्यांची गाठ पडू नये म्हणून एवढी खटपट करीत असता, इकडे काशीत, जेथे लोखंडच नाही अशा बांधकामात, आपण उलट्या बाजूने सिमेंट घुसवीत आहो. कार्तिकाच्या सुमारास पूर उतरला, पंपाचे फवारे मारून गाळ नदीत लोटला, की डागडुजीचा मोसम सुरू होतो. झडलेल्या सांध्यांत सिमेंट भरले जाते. फुटलेल्या पायरीला सिमेंटचा ओठ लावला जातो. कोठे भिंतच सिमेंटने गिलावतात आणि तिच्यावर तैलरंग देतात. काम दोन दिवसांत होते, गुळगुळीत दिसते, आणि देयक मंजूर होते. नंतर जे होते ते सावकाश होते. सांध्याची वाट बंद झालेली असते, सिमेंट स्वतःच काही क्षार दगडाला नजर करते, आणि आतले पाणी बाहेर पडावयास दगडाखेरीज दुसरी जागा उरत नाही. तीन-चार पावसाळ्यांनी पाहावे: सिमेंटचा सांधा ताठ उभा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना चुनारच्या दगडाची कड वाळूसारखी गळलेली. दिसावयास पद्मदुर्गासारखेच, पण तेथे साडेतीनशे वर्षे लागली होती.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे, आणि ज्या जुन्या इमारतीत आम्ही बसतो तिच्या भिंतीला माझ्या देखत तीनदा सिमेंटचा गिलावा झाला. पहिल्या खेपेस लोणा कमरेपर्यंत होता. आता तो घड्याळाच्या खिळ्यापर्यंत चढला आहे. भिंतीला खालून श्वास घेता येत नाही म्हणून ती वर वर घेते आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिन्ही वेळच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या. त्यांत दोष कोणा एकाचा नाही. अंदाजपत्रकाच्या मागल्या वर्षीच्या ओळी उतरवून घेणे हाच आमच्या धंद्याचा स्वभाव आहे, आणि एकदा ‘सिमेंट’ हा शब्द कागदावर आला की तो पुढच्या कागदावर आपल्या पायांनी चालत जातो.

म्हणून माझे म्हणणे अंदाजपत्रकापुरतेच आहे. काशीतील मराठी मंडळींच्या वाड्यांची, देवालयांची, अन्नछत्रांची आणि धर्मशाळांची व्यवस्था पाहणारे विश्वस्त आजही पुणे, नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर इकडे विखुरलेले आहेत, आणि त्यांपैकी काही ह्या मासिकाचे वाचक असणारच. जीर्णोद्धाराची वर्गणी मागणारी पत्रके दर वर्षी येतात. वर्गणी जरूर द्यावी. पण देण्यापूर्वी कागद मागवून घ्यावा आणि पाहावे, की दगडी कामाच्या दर्जा कशाने भरणार आहेत. तेथे सिमेंट लिहिलेले असेल तर खोडून ‘चुना व सुरखी’ लिहावे, आणि जुन्या सिमेंटचा सांधा छिन्नीने हलक्या हाताने उकरण्याची मजुरी वेगळी धरावी, कारण ते काम घाईने केले तर दगडाचीच कड जाते. खर्च वाढेल. वेळही लागेल, चुना महिना-पंधरा दिवस आधी विरवून ठेवावा लागतो, आणि भरलेला सांधा कित्येक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागतो. त्यामुळे काम दिवाळीनंतर घ्यावे आणि होळीच्या आत संपवावे. एकदा लू वाहू लागली की चुना धरण्याआधीच सुकतो. चुन्यात हात घातलेले म्हातारे गवंडी आणि पाथरवट चुनार-मिर्झापूरकडे अजून भेटतात. त्यांना बोलावणे पाठवावयाचे ते पूर उतरण्याची वाट न पाहता श्रावणातच पाठवावे.